सुनदोक ऑन्नीची जीभ

बाजाराच्या चेअरमन ग्वाकने सहलीची यादी आणून माझ्या गाडीवर आपटली तेव्हा मी लाल ओदेंगच्या, म्हणजे तिखटातल्या मासळीच्या वड्यांच्या, काड्या कढईत सोडत होते. चौथं नाव वाचलं आणि हातातल्या काड्या हातातच राहिल्या. प्यो सुनदोक!

"चेअरमनसाहेब, सकाळी सकाळी लावून आलात का?" मी म्हटलं. "ही बाई बाजाराच्या कमानीबाहेर पाण्याचा घोट घेत नाही, आणि तुम्ही तिला दोन दिवस खायच्या सहलीला नेताय?"

"मी कुठला नेतोय! तीच आली ऑफिसात. नुसती आली नाही, आपलं समुद्रावर जायचं ठरलेलं ते मोडायला लावलं. म्हणाली, जिथं खारट, आंबट, तिखट, सडकं सगळं मिळतं तिथं न्या. जोन्जू घ्या, योंगसानपो घ्या. मी घाबरून हो म्हणालो."

"घाबरलात कशाला?"

"तिच्या हातात पळी होती, माल्जा."

मी गॅस बारीक केला आणि तशीच समोरच्या दुकानात घुसले. सुनदोक ऑन्नी स्टुलावर बसून सुईने गोगलगायी काढत होती. म्हटलं, "ऑन्नी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" तिने मानसुद्धा वर केली नाही. "तू येतेयस ना? मग माझ्या शेजारी बस. खिडकी मला." झालं. एवढंच बोलणं.

मला केवढा धक्का बसला असेल हे कळायचं तर ही बाई काय चीज आहे ते ठाऊक असायला हवं. ती सत्तरची, मी त्रेसष्टची, म्हणून मी तिला ऑन्नी म्हणते, थोरली बहीण. बाकी आमच्यात नातं कसलं असेल तर भांडणाचं. तिचा बाप योंगवोलच्या कोळशाच्या खाणीत होता. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या जेचनला आली. नवरा तिशीतच छातीच्या दुखण्याने गेला, पदरात दोन पोरं. दिराने सुचवलं, शिवणकाम शीक. हिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि नदीत उतरली. दगडांना चिकटलेल्या ओल्गेंगी, त्या बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गोगलगायी, टोपलीभर काढून आणल्या. उकडल्या, सुईने एकेकीचं मांस ओढून काढलं, पालेभाजी घातली, स्वतःच्या रांजणात मुरलेल्या सोयाबीनचा गोळा, म्हणजे दोएन्जांग, त्यात विरघळवला आणि सूप करून बाजारात बसली. पहिल्या दिवशी बारा वाडगे खपले. त्याला आता सदतीस वर्षं झाली होती.

तिच्या हाताला चव होती. हे मी म्हणतेय, जिला कुणाचं चांगलं म्हणताना पोटात दुखतं. मापाचा चमचा तिच्या दुकानात मी कधी बघितला नाही. दोएन्जांग मुठीत घ्यायची, हंड्यात सोडायची, करंगळी बुडवून जिभेला लावायची. संपलं. रात्रभर पिऊन सकाळी डोकं धरून येणाऱ्यांना आधी यथेच्छ झापायची आणि मग न विचारता दुसरी पळी वाढायची. टॅक्सीवाला ब्योन तर गेली वीस वर्षं तिच्याच शिव्या आणि तिचंच सूप यावर जगतोय.

आणि तोरा विचारू नका! दुसऱ्याच्या हातचं खाल्लं की आपला हात बिघडतो, हे तिचं ठाम मत. माझी गाडी तीस वर्षं तिच्या दारासमोर. जेचनचं लाल ओदेंग खायला लोक सोलहून गाड्या काढून येतात, तिखटाने नाक पुसत पुसत दुसरी काडी मागतात. हिने एकदा तरी मासळीच्या वडीचा एक तुकडा तोंडात घालावा? नाही म्हणजे नाही. मी पहिल्या वर्षी प्रेमाने नेऊन दिलं होतं, तर बाईसाहेबांनी मांजराला घातलं. माझ्या डोळ्यांदेखत.

म्हातारपणी मात्र ती जरा मऊ झाल्यासारखी वाटत होती. गेली दोन वर्षं सकाळी पहिला हंडा उतरला की वाटीभर सूप घेऊन रस्ता ओलांडून यायची आणि माझ्यापुढे धरायची. "घे." मी फुकटचं खाऊनही नावं ठेवायची सोडत नसे. "मीठ महाग झालंय का गं?" नाहीतर, "ऑन्नी, आज समुद्र उपसलास की काय?" ती चिडायची नाही. मान हलवायची आणि वाटी घेऊन परत जायची. मला वाटायचं, एकटी पडलीय बिचारी, मैत्री करू बघतेय.

आता झाकून कशाला ठेवू, सांगूनच टाकते. तिची चव गेली होती. दोन हिवाळ्यांमागे तो मोठा ताप आला, त्यात जीभ गेली, नाक गेलं, आणि तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. ना इंचनच्या लेकीला, ना मला. बरं, दोएन्जांग म्हणजे काही दुकानातलं मीठ नव्हे, की दोन चमचे म्हणजे दोन चमचे. दर रांजणाचं वेगळं असतं. ऊन जास्त लागलं, पाणी आटलं, की खारटपणा चढतो. एक रांजण हाताला बसला की बसला, पण तो तळाला लागला होता. पुढचा उघडायचा तर जीभ हवी. म्हणून ही सहल. दोन दिवसांत काहीतरी एक जिभेला लागलं तर दुकान चालू, नाही लागलं तर कुलूप, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि मी ढ, खिडकी कुणाला यावरून बसमध्ये तिच्याशी हुज्जत घालत होते.

बसमध्ये नेहमीचंच. जेचन सुटायच्या आत गाणी लागली, तांदळाचे केक विकणारी आमची मंडळी मधल्या वाटेत नाचायला लागली, चेअरमन माईक सोडेना. हमरस्त्यावरच्या थांब्यावर गाडी लागली, सगळे टॉयलेटकडे पळाले, आणि सुनदोक ऑन्नी? ती टपऱ्यांच्या रांगेकडे. पहिल्या टपरीपासून शेवटच्या टपरीपर्यंत एकेक घेत सुटली. लोण्यात परतलेले छोटे बटाटे, गरम गरम अक्रोडाचे केक, तव्यावर दाबून भाजलेला माकूळ, सॉसेज आणि भाताच्या वड्या टोचलेली काडी. प्रत्येकाचा एक घास तोंडात घ्यायची, डोळे मिटायची, चावायची, आणि उरलेलं माझ्या हातात कोंबायची. माझ्या दोन्ही हातांत मावेना.

"अगं बाई, चाललंय काय तुझं?" मी म्हणाले. "माझी काडी मांजराला घातलीस, आणि इथं हमरस्त्यावरचे बटाटे गिळतेस? लाज नाही वाटत?"

"बटाट्यावर काय आहे? मीठ की साखर?" तिने विचारलं.

"साखर. दिसत नाही का? आंधळी झालीस का?"

ती बसमध्ये जाऊन खिडकीला डोकं टेकून बसली. मी सगळे बटाटे एकटीने संपवले आणि जोन्जूपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

जोन्जूच्या जुन्या बाजारात मोडाच्या सूपवर सगळ्यांची उडी पडली. मोड आलेलं सोयाबीन, त्यात भात, वर कच्चं अंडं, आणि टेबलाच्या मधोमध खारवलेल्या जवळ्याची एक बशी. ती चौघींत एक. त्यातला चिमूटभर जवळा आपापल्या वाडग्यात घालायचा असतो, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. सुनदोक ऑन्नीने बशी उचलली आणि अख्खी आपल्या वाडग्यात पालथी केली.

"ऑन्नी! चौघींची आहे ती!"

तिने ऐकलं नाही. चमचा भरला, तोंडात घातला, डोळे मिटले. पुन्हा चमचा. पुन्हा. मी तिच्या वाडग्यात माझा चमचा घालून बघितला आणि जिभेला चटका बसावा तसं झालं. खारट म्हणजे किती खारट, कान गरम झाले माझे. त्या पाण्यात मुळा बुडवला असता तर सकाळपर्यंत लोणचं झालं असतं. आणि ही शांतपणे खातेय.

"कसं लागतंय?" तिनेच मला विचारलं.

"कसं म्हणजे? तुला कळत नाही?"

तिने चमचा खाली ठेवला. मला सकाळचा बटाटा आठवला, मीठ की साखर. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. सुक्या मिरच्यांच्या पोत्यांमागे एक प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसवलं.

"बोल. किती दिवस झाले?"

"कशाला?"

"माझ्यापुढे नाटकं नकोत, ऑन्नी!"

"दोन वर्षं," ती म्हणाली. "गोड नाही, खारट नाही, वास नाही. तोंडात भुसा भरल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, शीर दुखावलीय, यायची तर येईल."

माझी वाचाच बसली. माझी! बाजारात जिचं तोंड बंद करायला चेअरमनला दोनदा मीटिंग घ्यावी लागली होती ती मी. दोन वर्षं रोज समोर बसून मला कळलं नाही. दोन वर्षं माणसं रांग लावून तिचं सूप पीत होती आणि तिला ते गरम आहे एवढंच कळत होतं.

"मग सूप कसं करतेस?"

"हात करतो," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. "पण हा रांजण संपला. नवा उघडायचाय. उद्या योंगसानपोला जाऊ. तिथलं सडवलेलं पाकट, तो चपटा मासा, मेलेल्याला उठवतं म्हणतात. त्यानेही काही नाही झालं, तर घरी जाऊन शटर खाली. कुणाला सांगू नकोस."

मी कसली गप्प बसते! सांगितलं नाही कुणाला, पण दुपारभर तिला घेऊन तो बाजार पालथा घातला. कच्चा लसूण चाववला. शेवयांच्या टपरीवरच्या व्हिनेगरच्या बाटलीतून दोन चमचे पाजले, टपरीवाली बघतच राहिली. कडू मुळ्या, गुळाचा पाक भरलेली पुरी, पिकलेल्या मिरचीचं लोणचं, आल्याचा चहा. ऑन्नीने एकदाही नाही म्हटलं नाही. प्रत्येक घासाला मी तिच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "आलं काही?" ती मान हलवायची. शेवटी माझ्याच पोटात आग पडली आणि तीच मला औषधाच्या दुकानात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही योंगसानपोला उतरलो तर बसचं दार उघडताच निम्म्या बायका परत आत. सगळ्या गल्लीला तो वास. पाकट रांजणात घालून महिना महिना सडवतात, सार्वजनिक मुतारीत तोंड घातल्यासारखं वाटतं, आणि तिथली माणसं ते लग्नात पहिल्या पंगतीला वाढतात. आमच्या डोंगराकडच्या लोकांना कुठली सवय! चेअरमनने एक तुकडा तोंडात घेतला आणि नॅपकिनमध्ये काढून ठेवला. मी उकडलेल्या डुकराच्या मांसात आणि कोबीच्या जुन्या आंबट किमचीत गुंडाळून कसाबसा गिळला, तर नाकातून वाफ बाहेर आली आणि डोळ्यांतून धारा.

सुनदोक ऑन्नीने किमची घेतली नाही, मांस घेतलं नाही. नुसत्या पाकटाचे तीन तुकडे एकदम उचलले आणि तोंडात टाकले. ती चावायला लागली. कुरकुर आवाज येत होता. एकदम तिचे डोळे मोठे झाले. नाकपुड्या फुगल्या. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि तिने टेबलाखाली माझा हात असा धरला की बोटं मोडतात की काय.

"माल्जा! आलं! माल्जा, आलं गं!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. चेअरमन ओरडला, "बघा, याला म्हणतात जिगर! सत्तरची बाई!" त्यांना वाटलं, ही पाकट खाऊन दाखवल्याच्या आनंदात आहे. मी रडत होते, हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं. ऑन्नीने घाईघाईने किमचीचा तुकडा तोंडात घातला. मग मांस, जवळ्यात बुडवून. मग पांढऱ्या दारूचा घोट. मग परत किमची. चावण्याचा वेग हळूहळू कमी होत गेला. तिच्या हातातला माझा हात सुटला.

"झोंबतंय," ती हळूच म्हणाली. "नुसतं नाकात झोंबतंय. चव नाही."

टाळ्या अजून चालूच होत्या. चेअरमन तिच्या ग्लासात दारू ओतत होता. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरून रीतीप्रमाणे मान बाजूला वळवून ती दारू प्यायली, आभार मानले, आणि उठून बाहेर गेली. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा इतका राग आला, की मी ताटलीच फेकली असती. त्यांचा काय दोष होता म्हणा.

ती नदीच्या काठाला बांधावर बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. दोघींच्या कपड्यांना तो वास. मी म्हटलं, "शटर खाली करायचं नाही. दोन वर्षं हाताने केलंस ना? पुढेही हात करेल."

"हात काही करत नाही, माल्जा. खोटं सांगितलं मी."

"मग कोण करत होतं?"

"तू."

"मी? मी कधी तुझ्या हंड्याला हात लावला?"

"रोज सकाळी वाटी आणत होते ना तुला? तू म्हणालीस, मीठ महाग झालंय का, की मी जाऊन अर्धी मूठ वाढवायची. तू म्हणालीस, समुद्र उपसलास का, की दोन तांबे पाणी. शिव्या दिल्यास आणि तरी वाटी चाटून पुसून संपवलीस, की समजायचं, बरोबर झालंय. तेच लोकांना वाढायचं."

दोन वर्षं! दोन वर्षं सगळं जेचन माझ्या जिभेने जेवत होतं आणि मला पत्ता नाही! आधी हसू आलं, मग असा संताप आला की मी उभीच राहिले. "म्हणजे मला वापरलंस? मी आपली समजत होते की तू मैत्री करतेयस!"

"मग त्याला दुसरं काय म्हणतात?" ती म्हणाली.

मी परत बसले. विचारलं, "पण मीच का? ब्योन आहे, चेअरमन आहे."

"ब्योनला गरम पाणी दिलं तरी तो मस्त म्हणतो. सगळेच मस्त म्हणतात. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर वाईट कोण म्हणतं? तुझ्या एकटीच्या जिभेला मुर्वत नाही."

"मग झालं तर! उघड नवा रांजण. आहे मी."

"आता तुला कळलंय. आता तू खोटं बोलशील."

"मी?" मी म्हणाले. "अगं, सासूच्या श्राद्धाच्या पानावरची मासळी शिळी आहे, हे सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलेली बाई आहे मी! मी तुझी कीव करणार?"

तिने मांडीवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "ठीक आहे. मंगळवारी उघडते." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. परतीच्या वाटेवर ती खिडकीशी झोपून गेली आणि मी जेचनपर्यंत जागी राहून ठरवत होते की मंगळवारी कोणती शिवी द्यायची.

मंगळवारी सकाळी तिने नवा, पांढरा एप्रन घातला होता. केस विंचरलेले. दोन्ही हातांत वाटी धरून रस्ता ओलांडून आली. रोज एका हाताने आणायची. वाटीतलं सूप हिंदकळून तिच्या हातांवर सांडत होतं. तीस वर्षं ज्या हातांकडे मी बघत आले, त्याच हातांवर. मी वाटी घेतली. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पोर परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहतं तशी.

एक घोट घेतला. खारट. थोडंथोडकं नाही, भयंकर. ऊन लागून तो रांजण चढला होता. मी तोंड उघडलं, आणि तिचे ते डोळे बघितले, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"छान झालंय, ऑन्नी."

मला स्वतःलाच धक्का बसला. हे कोण बोललं? उरलेली वाटीही मी डोळ्यांत पाणी येऊ न देता गिळली. तिचा चेहरा असा उजळला की तिथेच म्हणावं, थांब, खोटं बोलले. पण म्हणाले नाही. मनाशी म्हटलं, ती वळली की हळूच जाऊन हंड्यात दोन तांबे पाणी ओतू, कुणाला कळतंय! आणि तेवढ्यात देगूहून खायच्या सफरीला निघालेल्यांची अख्खी बस माझ्या गाडीपुढे उतरली. लाल ओदेंग, लाल ओदेंग, फोटो, आणखी चार काड्या. मान वर करायला फुरसत नाही. मान वर केली तेव्हा तिच्या पाचही टेबलांवर माणसं जेवत होती.

ब्योन बाहेर आला. चेहरा लाल, ओठ पुसत. दाराशी वळून म्हणाला, "मस्त होतं, काकू!" त्याच्या मागून दोघी बाहेर पडल्या, त्याही म्हणाल्या, मस्त. मग एक म्हातारा, तोही. मी इथून बघत होते. सुनदोक ऑन्नी टेबलं आवरायला आली. पहिल्या टेबलावर वाडगा अर्धा. दुसऱ्यावर अर्धा. भात संपलेला, सूप तसंच. प्रत्येक टेबलावरची पाण्याची बाटली रिकामी. ब्योनच्या टेबलावर दोन बाटल्या रिकाम्या. तिने एक बाटली उचलली, उलटी करून बघितली, खाली ठेवली. मग दारातून माझ्याकडे बघितलं.

ती रस्ता ओलांडून आली. देगूची माणसं बाजूला सरकली.

"खारट होतं?"

माझी मान वर होईना. "हो."

"किती?"

"खूप, ऑन्नी."

"सकाळीच कळलं होतं?"

मी मान डोलावली. मला वाटलं, आता ती पळी माझ्या डोक्यात घालेल. घालायला हवी होती. मी हात जोडून म्हटलं असतं, घाल बाई. ती चिडलीच नाही. माझ्या गाडीवरचा नॅपकिन घेऊन तिने माझे डोळे पुसले. मी रडतेय हे मला ठाऊकच नव्हतं.

"तुझी चूक नाही," ती म्हणाली. "असू दे."

मी म्हणाले, उद्यापासून खरं सांगते. शपथ घेतली. आईची, पोरांची. शिव्यासुद्धा दिल्या तिला, मोठमोठ्याने, जुन्या सगळ्या, म्हणजे पटेल म्हणून. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, आपण लहान पोराचं ऐकून घेतो तशी. मग परत गेली, आत बसलेल्या दोघांची माफी मागितली, गॅस बंद केला. अडीच वाजता शटर खाली आलं.

आता ती इंचनला लेकीकडे असते. रविवारी फोन करते, गुडघ्यांचं सांगते. बाजारात सगळे म्हणतात, वय झालं, थांबली, बरं केलं. मी त्यांना काही सांगत नाही. तीस वर्षं मी त्या बाईला वाट्टेल ते बोलले आणि तिचं काही बिघडलं नाही. एकदाच गोड बोलले, आणि तिचं दुकान बंद पाडलं.